शिडीच्या लाकडाची साक्ष

१ मार्च १९३२ च्या रात्री अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांच्या २० महिन्यांच्या मुलाला घरातून पळवून नेण्यात आले. मे महिन्यात त्याचे प्रेत सापडले. गुन्हेगाराने खिडकीशी लावलेली ओबडधोबड लाकडी शिडी मात्र घराजवळच पडलेली होती.

या शिडीची तपासणी मॅडिसन येथील सरकारी प्रयोगशाळेतील काष्ठतज्ज्ञ आर्थर कोहलर यांनी केली. पेशींच्या रचनेवरून त्यांनी पाइन, डग्लस फर आणि बर्च ही लाकडे ओळखली. पण असे लाकूड असंख्य घरांत होते. नुसती जात कळून काय उपयोग?

म्हणून त्यांनी रंध्याच्या खुणा पाहिल्या. यंत्राची पाती फिरताना फळीवर बारीक लाटा उमटतात. त्यांच्यातील अंतरांवरून पात्यांची संख्या व फळी सरकण्याचा वेग काढता येतो. शेकडो गिरण्यांकडे चौकशी केल्यावर ही खूण दक्षिण कॅरोलिनातील एका गिरणीशी जुळली. १९३३ च्या अखेरीस माग न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातल्या एका वखारीपर्यंत पोचला. तेथे रोखीच्या गिऱ्हाइकांची नोंदच नव्हती. माग तुटला.

सप्टेंबर १९३४ मध्ये खंडणीतील नोटांवरून ब्रूनो हाउप्टमान हा सुतार पकडला गेला. त्याच्या पोटमाळ्यावरील एक फळी अर्धवट कापलेली आढळली. शिडीच्या एका दांड्यात खिळ्यांची चार जुनी भोके होती. ती पोटमाळ्याच्या तुळयांतील भोकांवर नेमकी बसली. दांडा आणि उरलेली फळी यांची वाढीची वलयेही जुळली.

१९३५ च्या खटल्यात बचावपक्षाने लाकडाच्या साक्षीवरच आक्षेप घेतला. न्यायाधीशांनी ती ग्राह्य मानली. हाउप्टमानला एप्रिल १९३६ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. त्या निकालावर पुढेही वाद होत राहिले.

आम्हाला येथे महत्त्वाची वाटते ती पुराव्याची मर्यादा. दांडा त्या फळीचा होता, एवढेच लाकूड सांगते. शिडी कोणी लावली, हे सांगत नाही. आणि जे सांगते तेही एका खुणेवर नव्हे, तर वलये आणि खिळ्यांची भोके अशा परस्परांपासून स्वतंत्र खुणा जुळल्यामुळे विश्वसनीय ठरते.

सुताराकडून सागवानी पट्ट्यांचे तुकडे आणा, प्रत्येकाचे दोन भाग करून मिसळा आणि मुलांना जोड्या लावू द्या. प्रत्येक जोडीसाठी मात्र कारण मागा.