औषध आणि शुश्रूषा

वृद्धांच्या आजारपणाचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न जसा घरोघरीं येतो तसा तो राष्ट्रांपुढेंहि आला. बहुतेक राष्ट्रांनीं प्रथम त्याच्या अर्ध्याच भागाचें उत्तर दिलें. वैद्याचें देणें भागविण्याची त्यांनीं सोय केली. रुग्णाच्या उशाशीं बसणाराचें देणें मात्र बाकी राहिलें.

जर्मनीनें बिस्मार्कच्या अमदानींत, १८८३ सालीं, कामगारांसाठीं आजाराचा विमा सक्तीचा केला. त्याच्या वर्गणींत कामगाराचे दोन वांटे व मालकाचा एक असे. परंतु अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्याला न्हाऊं-जेवूं घालण्याच्या कामासाठीं स्वतंत्र विमा निघण्यास १९९५ साल उजाडलें. त्यामुळें मालकांवर पडणारा बोजा हलका व्हावा म्हणून सॅक्सनीखेरीज सर्व प्रांतांनीं वर्षांतील एक धार्मिक सुटी सोडून दिली. वृद्धांच्या सेवेसाठीं कमावत्यांनीं असे एका दिवसाचे श्रमच दिले.

अमेरिकेंत अध्यक्ष ट्रूमन यांनीं १९४५ सालीं मांडलेली राष्ट्रीय विम्याची योजना फसली. पुढें ३० जुलै १९६५ रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं ट्रूमन यांच्याच गांवीं जाऊन 'मेडिकेअर'च्या कायद्यावर सही केली. ६५ वर्षांवरील लोकांचा इस्पितळाचा खर्च तेव्हांपासून मुख्यतः कमावत्यांच्या पगारावरील करांतून भागतो. दीर्घकाळच्या शुश्रूषागृहाचा खर्च मात्र त्यांत बसत नाहीं. जवळची पुंजी सरली, म्हणजे 'मेडिकेड' ही गरिबांची योजना मदतीस येते.

जपाननें १९७३ सालीं सत्तरीपुढील वृद्धांचे उपचार मोफत केले. घरीं सांभाळणारें कोणी नसलेले वृद्ध मग इस्पितळांतच मुक्काम करूं लागले. खर्च वाढला, आणि १९८३ पासून रुग्णाकडून पुन्हां थोडी रक्कम घेणें भाग पडलें. घरच्या सेवेचा भार बहुधा सुनेवर असे. २००० सालीं तिथेंहि शुश्रूषेचा विमा सुरू झाला. त्याचा अर्धा पैसा सरकारी तिजोरींतून व अर्धा चाळिशी गांठलेल्यांच्या वर्गणींतून येतो.

भारतानें २०२४ सालीं सत्तरी गांठलेल्या सर्वांस, उत्पन्नाची अट न ठेवतां, इस्पितळांतील उपचारांसाठीं वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण दिलें. हें औषधाचें उत्तर झालें. शुश्रूषा आपल्याकडे अद्याप सुनेच्या, लेकीच्या हातीं आहे. ती कोणत्याहि हिशेबांत दिसत नाहीं, म्हणून ती फुकट होते असें समजूं नये. तिचें मोल त्या घरांतील एकच व्यक्ति आपल्या आयुष्याच्या वर्षांनीं भरीत असते.