मुंबईची भुयारी मेट्रो आणि तिची स्थानके

* भुयारी मेट्रो : मुंबई मेट्रोची मार्गिका ३, म्हणजेच ‘अ‍ॅक्वा लाइन’. कफ परेड ते आरे या सुमारे ३३.५ किलोमीटरच्या मार्गावर २७ स्थानके असून त्यांपैकी आरे वगळता बाकी २६ जमिनीखाली आहेत. ही स्थानके तीन टप्प्यांत खुली झाली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल या टप्प्यातील १० स्थानके ऑक्टोबर २०२४ मध्ये, धारावी ते आचार्य अत्रे चौक ही ६ स्थानके मे २०२५ मध्ये आणि सायन्स सेंटर ते कफ परेड ही उरलेली ११ स्थानके ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. शेवटच्या टप्प्याचे काम विशेष अवघड होते. गिरगाव व काळबादेवी येथे जुन्या, दाटीच्या इमारतींमुळे वरून खोदायला जागा नव्हती. म्हणून ही स्थानके मुख्यतः बोगदा पद्धतीने, आतून खोदून बांधावी लागली. तेथील काही चाळी पाडाव्या लागल्या व रहिवाशांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी धावली, त्या रेल्वेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. ही मेट्रो मार्गिका मात्र वसईपर्यंत जात नाही. वसईतील गिरीज गावच्या प्रवाशाला आजही वसई रोडहून पश्चिम रेल्वेची लोकल पकडून दादर, महालक्ष्मी किंवा चर्चगेट अशा एखाद्या स्थानकावर उतरून मेट्रो गाठावी लागते.