पाटपाणी, परिषद आणि विधानसभा : शंकरराव काळे यांच्या कारकिर्दीचा अन्वयार्थ

सहकारी साखर कारखानदारी आणि राजकीय नेतृत्व यांचा संबंध विशद करताना एक सूत्र सर्रास मांडले जाते : कारखाना हाती आला की विधानसभेची वाट मोकळी होते. अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील शंकरराव देवराम काळे (१९२१–२०१२) हे शिक्षणाने अभियंते, कर्तृत्वाने कारखानदार व पुढे आमदार. त्यांच्या कारकिर्दीस हे सूत्र लावून पाहिले असता ते अपुरे ठरते.

काळे कोपरगाव तालुक्यातील. दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले आणि गोदावरीच्या कालव्यांनी या तालुक्यात बागायत आणली. परंतु ऊस पिकविणे निराळे आणि उसाचे मोल पदरात पडणे निराळे. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितका त्याचा साखर-उतारा घटतो. म्हणून खरेदीदाराशी घासाघीस करण्याचे बळ एकट्या शेतकऱ्यापाशी नसते. यावर सामुदायिक मालकी हा उपाय होऊ शकतो, हे १९५०-५१ च्या गळीत हंगामात प्रवरेच्या सहकारी कारखान्याने दाखवून दिले. त्याच दशकात कोळपेवाडी येथे कोपरगाव सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्याशी काळे यांचे नाव इतके एकरूप झाले की पुढे कारखान्यासही तेच नाव देण्यात आले. पाण्याच्या पाळ्या, तोडणीचा क्रम, वाहतूक व गाळपक्षमता यांचा मेळ घालणे हे मूलतः मोजमापाचे काम होय. अभियंत्याची विद्या येथे उपरी नव्हती.

येथवर उपरोक्त सूत्र टिकते. पुढे मात्र ते अडखळते. १९७२ च्या निवडणुकीत कोपरगावची जागा संजीवनी कारखान्याचे शंकरराव कोल्हे यांच्याकडे गेली. काळे विधानसभेत गेले ते पारनेरमधून. पारनेर हा पर्जन्यछायेतील, मुख्यतः कोरडवाहू तालुका. कोळपेवाडीच्या भागधारकांचे जाळे तेथे नव्हते. मग हा पूल कोणी बांधला?

याचे उत्तर जिल्हा परिषदेत शोधावे लागते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. अहमदनगर परिषदेचे पहिले अध्यक्ष काळे होत. रस्ते, शाळा, लहान पाटबंधारे ही कामे कालव्याच्या सीमेपाशी थांबत नव्हती. कारखान्याचे क्षेत्र ठरावीक गावांचे, तर परिषदेचे क्षेत्र अवघ्या जिल्ह्याचे. बागायती उत्तरेतील नेत्यास कोरडवाहू पारनेरची ओळख मिळाली ती या संस्थेमुळे, असे अनुमान करणे सयुक्तिक ठरते.

या अनुमानाचे महत्त्व एका व्यक्तीपुरते नाही. १९७२ हेच भीषण दुष्काळाचेही वर्ष. ज्या जिल्ह्याच्या एका भागात ऊस उभा होता, त्याच जिल्ह्यात दुसरीकडे माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. पाण्याच्या या विषमतेची जाणीव विधिमंडळापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचली, हा खरा प्रश्न आहे. काळे पुढे १९९१ मध्ये कोपरगावातून लोकसभेवरही निवडून आले. परंतु अभ्यासकास अधिक बोलके वाटावे ते पारनेरचेच वळण. कारखान्याने नेतृत्वास बळ दिले. त्यास व्याप्ती दिली ती जिल्हा परिषदेने. सहकाराचा इतिहास लिहिताना या दुसऱ्या संस्थेस तळटीपेत ठेवून भागणार नाही.