नेमलेले धडे आणि विद्यार्थ्याची लेखणी

मुळशी तालुक्यातील रिहे येथील विद्यार्थी असो वा पुण्याच्या पेठेतला, राज्य मंडळाच्या मराठी शाळेत दोघांच्याही दप्तरात पुस्तक एकच असते. फरक पडतो तो घरी. ज्या घरात वृत्तपत्राखेरीज अन्य छापील गद्य फारसे येत नाही, तेथे 'कुमारभारती'तील धडे हाच लेखनाचा पहिला आणि बहुधा एकमेव नमुना ठरतो. पुढे हा विद्यार्थी पिरंगुट किंवा पुण्याच्या महाविद्यालयात जातो, त्याला प्रकल्प अहवाल, चर्चासत्रासाठी निबंध लिहावा लागतो, आणि आपण काय वाचून वाढलो हे त्याच्या पहिल्याच पानावर उमटते.

नेमलेल्या पुस्तकांनी मराठी लेखनाला वळण लावल्याचा दाखला जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील शालेय मराठी पुस्तकांवर मेजर थॉमस कँडी यांची छाप होती. मराठीत विरामचिन्हे रुळविण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. मात्र भाषांतरित पुस्तकांवर पोसलेल्या सुशिक्षितांची मराठी इंग्रजी वळणाची होत चालली, अशी तक्रारही त्या काळात उमटली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली, तिचा आरंभच मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवरील निबंधाने झाला. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावे आणि मग त्याचा समाचार घ्यावा, ही रीत 'निबंधमाले'ने मराठी वाचकाच्या अंगवळणी पाडली.

१९३०च्या दशकातील आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने शालेय पुस्तकांना रसाळपणा दिला. १९६७ मध्ये पुण्यात 'बालभारती'ची स्थापना झाली. तिच्या भाषेच्या पुस्तकांतही कथा, व्यक्तिचित्र, प्रवासवर्णन, आत्मकथन यांचाच भरणा मोठा राहिला. भाषेची गोडी लागण्यासाठी ते योग्यच होते. अडचण अशी की, पुराव्यानिशी मत मांडणारे गद्य विद्यार्थ्याच्या वाट्याला त्या मानाने कमी आले. निबंधाची सुरुवात सुविचाराने आणि शेवट कवितेच्या ओळींनी करण्याची सवय शाळेत गुण मिळवून देते. महाविद्यालयात तीच सवय अंगाशी येते. 'मुळशीचा शेतकरी हा निसर्गाचा लाडका पुत्र आहे' हे वाक्य दहावीत शोभून दिसते. अर्थशास्त्राच्या प्रकल्पात मात्र किती खाचरे, कोणते भात, विक्री कोठे, हे विचारले जाते.

महाविद्यालयात नेमलेल्या वाचनाची जागा पुष्कळदा 'नोट्स' आणि अपेक्षित प्रश्नसंच घेतात, ही त्याहून गंभीर बाब. जो केवळ सारांश वाचतो, तो सारांशच लिहितो. मूळ लेखकाने निष्कर्ष कशावरून काढला, हे त्याला कधी दिसतच नाही.

याउलट दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचायला दिली तर काय घडू शकते, याचे उदाहरण तालुक्याच्या इतिहासातच आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहावर विनायकराव भुस्कुटे यांनी लिहिले ते प्रत्यक्ष सहभागी कार्यकर्ता म्हणून. पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी त्याच लढ्याचा अभ्यास अनेक दशकांनंतर केला; जमीनमालक, सावकार आणि जमीन कसणारे मावळे यांचे हितसंबंध एक नव्हते, हे त्यांनी मांडले. साक्ष आणि विश्लेषण यांतील भेद समजावून सांगण्यास एरवी व्याख्याने खर्ची पडतात. येथे दोन प्रकरणे पुरेशी होतात, शिवाय विषय विद्यार्थ्याच्या ओळखीचा. (लढ्याचे नेते सेनापती बापट यांचे नाव असलेल्या पुण्यातील रस्त्यावरच 'बालभारती'चे कार्यालय आहे, हा एक योगायोग.)

संशोधनाच्या पायरीवर ही बाब नियमांशी जाऊन भिडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर शिक्षा नाही. त्यापुढे साम्याच्या प्रमाणानुसार कारवाई वाढत जाते आणि साठ टक्क्यांवर प्रबंध सादर करणाऱ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. संदर्भ देऊन उद्धृत केलेला मजकूर या मोजणीतून वगळला जातो. परंतु शाळेपासून दुसऱ्याची वाक्ये पाठ करून नाव न सांगता उत्तरपत्रिकेत उतरविण्याबद्दलच शाबासकी मिळालेल्या विद्यार्थ्याला अवतरणचिन्हाचे महत्त्व एकाएकी कसे उमगावे? अनेकदा त्यात लबाडी नसते, सवय असते.

बदलाची चिन्हे पुस्तकांत दिसतात. २०२० पासूनच्या बारावीच्या 'युवकभारती'त अहवाल, मुलाखत, माहितीपत्रक आणि वृत्तलेख या प्रकारांना स्थान मिळाले. 'बालभारती'ची पुस्तके, मराठी विश्वकोशातील नोंदी आणि 'शोधगंगा'वरील प्रबंध इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. रिह्यासारख्या गावात मोठे ग्रंथालय नसले तरी मोबाईलवर मूळ प्रबंध उघडता येतो. त्यातील कोणते प्रकरण वाचावे आणि तळटिपा कशा पाहाव्यात, हे सांगण्याचे काम मात्र शिक्षकाकडेच राहते.