व्हॉलीबॉल पात्रता स्पर्धा, पुरुषांच्या

ऑलिंपिक क्रीडासामने, जागतिक अजिंक्यपद यांसारख्या मुख्य स्पर्धांत प्रवेश मिळविण्यासाठी राष्ट्रीय संघांत घेतल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा. मुख्य स्पर्धेतील जागा मर्यादित आणि इच्छुक देश अनेक, या अडचणीतून त्या उद्‌भवल्या. त्यांमागील तत्त्व ग्रामीण महाराष्ट्रासही परिचित आहे. नेवासा तालुक्यातील एखाद्या शाळेच्या संघास राज्यपातळीवर खेळावयाचे असल्यास तालुका, जिल्हा व विभाग या पायऱ्या क्रमाने जिंकाव्या लागतात. राष्ट्रीय संघांची पात्रता स्पर्धा ही अशाच चढणीतील वरची पायरी होय.

विल्यम मॉर्गन याने १८९५ मध्ये अमेरिकेतील होल्योक येथे हा खेळ प्रथम सुरू केला. वाय्. एम्. सी. ए. या संस्थेमार्फत तो भारतात आला. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघ १९४७ मध्ये पॅरिस येथे स्थापन झाला आणि १९४९ मध्ये प्राग येथे पुरुषांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. आरंभीच्या काळात संघ थोडे असल्याने निवडीचा प्रश्न तीव्र नव्हता. भारतीय व्हॉलीबॉल महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला व पुढच्याच वर्षी भारतीय संघ मॉस्को येथील जागतिक स्पर्धेत उतरला. त्या स्पर्धेत ११ संघ होते; १९५६ मध्ये पॅरिस येथे त्यांची संख्या २४ झाली.

ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा समावेश १९६४ च्या टोकिओ सामन्यांपासून झाला. तेथे पुरुषांच्या दहाच संघांना स्थान होते. आशियातून यजमान जपान व दक्षिण कोरिया हे दोन देश खेळले. पुढे ही मर्यादा १२ संघांवर स्थिरावली. यजमान देशास थेट प्रवेश, काही जागा खंडनिहाय स्पर्धांतून व उरलेल्या जागतिक पात्रता स्पर्धांतून, अशी विभागणी दीर्घकाळ प्रचलित होती.

पात्रता स्पर्धा अल्पावधीत, बहुधा एकाच शहरात, साखळी पद्धतीने खेळविली जाते. सामना ३-० किंवा ३-१ असा जिंकल्यास विजेत्यास तीन गुण मिळतात. ३-२ असा निकाल लागल्यास विजेत्यास दोन व पराभूतास एक गुण मिळतो. क्रमवारी ठरविताना प्रथम जिंकलेले सामने, नंतर गुण, त्यानंतर डावांचे व अखेरीस डावांतील गुणांचे गुणोत्तर पाहिले जाते. त्यामुळे हरलेल्या सामन्यात जिंकलेला एखादा डावही निर्णायक ठरू शकतो.

यजमानपदाचा लाभ मिळतोच असे नाही. टोकिओ येथील २००८ च्या पात्रता स्पर्धेतून जपानने १९९२ नंतर प्रथमच ऑलिंपिक प्रवेश मिळविला; परंतु २०१६ मध्ये त्याच शहरातील स्पर्धेत पोलंड, फ्रान्स, कॅनडा व इराण हे चार देश पात्र ठरले आणि यजमान जपान मागे राहिला. इराणचा तो पहिलाच ऑलिंपिक प्रवेश होता.

भारतीय पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये एकदाही खेळलेला नाही. आशियाई क्रीडासामन्यांत मात्र त्याने १९५८ मध्ये टोकिओ येथे कांस्य, १९६२ मध्ये जाकार्ता येथे रौप्य व १९८६ मध्ये सेऊल येथे कांस्यपदक मिळविले. सेऊलच्या संघात जिमी जॉर्ज, सिरिल वल्लूर यांसारखे नामवंत खेळाडू होते. या विसंगतीचे मूळ जागांच्या गणितात आहे. आशियाई सामन्यांत पदके तीन असतात, तर ऑलिंपिकसाठी खंडाच्या वाट्यास बहुधा एखाद-दुसरी जागा येते. म्हणजे तिसरा क्रमांक तेथे गौरवाचा, तर येथे निरुपयोगी ठरतो. २०२० च्या जानेवारीत चीनमधील ज्यांगमेन येथे आशियातील आठ संघांत एकाच जागेसाठी स्पर्धा झाली. भारत गटसाखळीतच बाद झाला व अंतिम सामन्यात चीनला हरवून इराण पात्र ठरला. २०२३ च्या हांगजो आशियाई सामन्यांत भारताने दक्षिण कोरियास नमविले. तथापि अखेरीस त्यास सहावे स्थान मिळाले.

या संदर्भात पुणे येथील स्पर्धा बोधप्रद आहे. २००९ मध्ये २१ वर्षांखालील पुरुषांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत झाली. ब्राझीलने क्यूबावर मात करून अजिंक्यपद मिळविले, तर यजमान भारताने चौथा क्रमांक पटकाविला. त्यापूर्वी २००३ मध्ये १९ वर्षांखालील भारतीय संघ जागतिक उपविजेता ठरला होता. तरुण गटांत जगातील पहिल्या चारांत बसणारा देश प्रौढ गटात पात्रतेचा उंबरठा ओलांडू शकत नाही, यावरून उणीव गुणवत्तेपेक्षा तिच्या पुढील जोपासनेत असावी, असे दिसते.

अलीकडे पात्रतेचे स्वरूप बदलत आहे. २०२० पासून जागतिक क्रमवारी प्रत्येक सामन्यानंतर नव्याने ठरते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी यजमान फ्रान्सखेरीज सहा संघ ब्राझील, जपान व चीन येथील तीन पात्रता स्पर्धांतून आणि पाच संघ क्रमवारीवरून निवडले गेले. २०२५ मध्ये फिलिपीन्स येथील जागतिक स्पर्धेत संघांची संख्या ३२ झाली, परंतु भारतास त्यांतही स्थान मिळाले नाही. क्रमवारीचे महत्त्व वाढल्याने एका आठवड्यातील उत्तम खेळापेक्षा वर्षानुवर्षे सातत्याने खेळलेले आंतरराष्ट्रीय सामने अधिक मोलाचे ठरू लागले आहेत. असे सामने ज्यांना क्वचितच लाभतात, त्या देशांची वाट त्यामुळे अधिक बिकट झाली आहे.