पांढऱ्या सोन्याच्या पेठेंतील मारवाडी दुकानदाराचें घर

पांझरेच्या उत्तर तीरावर देवपूर आणि दक्षिण तीरावर जुनें व नवें धुळें, अशी ही वस्ती आहे. मुंबईहून आग्र्यास जाणारा मोठा रस्ता धुळ्यांतून नदी ओलांडतो आणि देवपुरावरून सोनगीर-शिरपूरच्या बाजूस निघून जातो. एकोणिसाव्या शतकांत ह्या रस्त्यानें पलटणी गेल्या, टपाल गेलें, कापसाच्या गाड्या गेल्या. आणि उलट दिशेनें, मारवाडांतून निघालेलीं कित्येक तरुण माणसें खानदेशांत उतरलीं. पलटणींची हकीकत सरकारी दफ्तरांत आहे. ह्या माणसांची हकीकत त्यांच्या वह्यांत आहे. पण वहींत जमाखर्च असतो, घर नसतें. दुकानामागच्या त्या घरांत काय घडत होतें, इकडे इतिहासकारांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं.

१८१८ मध्यें खानदेश इंग्रजांच्या हातीं आला, तेव्हां धुळें हें लहानसें गांव होतें. १८०३ च्या दुष्काळांत तर तें साफ ओस पडलें होतें. पुढच्या वर्षीं विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं तें पुन्हां वसविलें. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें १८१९ मध्यें जिल्ह्याचें ठाणें येथें आणलें, नवी पेठ आंखली, आणि जो घर बांधील त्यास कायमची बिनभाड्याची जागा व बांधकामास आगाऊ रक्कम देऊं केली. मग तो गांवचा असो कीं परका असो. त्या वर्षीं धुळ्यांत ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. १८७२ मध्यें २,६२० घरें व १२,४८९ माणसें झालीं. परक्यास जागा देऊन पेठ वसविण्याची ही युक्ति आपल्याकडे जुनीच. ब्रिग्जनें ती इंग्रजी शिक्क्यानिशीं वापरली, इतकेंच.

पुढें १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसास कधीं नव्हता असा भाव आला. त्याच सुमारास जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग खानदेशांतून पुढें सरकत होता. जळगांव बघतां बघतां कापसाची मोठी बाजारपेठ झालें. कापसाला 'पांढरें सोनें' म्हणतात तें उगीच नव्हे. ज्या काळीं ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत खऱ्या सोन्याच्या खाणींवर झुंबड उडाली होती, जवळजवळ त्याच काळीं इकडे ह्या पांढऱ्या सोन्यावर उडाली. तिकडे डेल्सफर्डच्या आसपास इटालियन व स्विस लोक खाणींसाठीं गेले, आणि त्यांतल्याच लुचीनी बंधूंनीं खाणकऱ्यांच्या त्या मुलखांत मॅकरोनीचा कारखाना घातला. माती उपसणारापेक्षां त्याला पीठ-मीठ विकणारा अधिक टिकतो, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आला. १८६५ मध्यें अमेरिकेंतलें युद्ध संपलें, भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या, जळगांवच्या व्यापाऱ्यांसही जबर ठोकर बसली. पण ज्यानें केवळ सट्टा न करतां मीठ, गूळ, लुगडीं आणि उसनवारी असा किरकोळ धंदा धरून ठेवला होता, त्याचें दुकान बहुधा उघडें राहिलें.

हा दुकानदार येई तो एकटा येई. एक लोटा, एक अंगरखा आणि गांवच्या कुणा आप्ताचें नांव, एवढ्या भांडवलावर तो आधीं त्या आप्ताच्या दुकानीं राही. दिवसा वाणसामान तोलावें, रात्रीं मुनीमजींच्या हाताखालीं रोजमेळ व खतावणी शिकावी, दुकानांतच पथारी टाकावी. असें चार-सहा वर्षें करून तो एखाद्या खेड्यांत स्वतःची फळी मांडी. आपल्या नाटकांतून व गोष्टींतून मारवाडी म्हणून जें सोंग रंगविलें गेलें, तें ह्या एकट्या माणसाचें आहे: काटकसरी, संशयी, बोलण्यांत हेल असलेला. ज्याची बायको चारशें मैलांहून दूर आहे आणि ज्याचें जेवण एखाद्या बिऱ्हाडांत पांचजणांसह शिजतें, तो दुसरा कसा दिसणार?

घरच्या पत्राची मौज तर वेगळीच. हे लोक जी व्यापारी लिपि लिहीत तींत काना-मात्रा-वेलांटी बहुतेक गाळलेली असे. हुंडी-चिठ्ठीस ती पुरे, पण घरगुती मजकुरास अपुरी. 'काकाजी अजमेर गये' असें लिहिलेलें पत्र घरच्यांनीं 'काकाजी आज मर गये' असें वाचलें आणि घरांत रडारड झाली, ही गोष्ट मारवाड्यांतच हंसत हंसत सांगतात. गोष्ट विनोदाची खरी. परंतु दोन-तीन वर्षांनीं एकदां गांवीं जाणाऱ्या नवऱ्याची वाट पाहणारीस ती विनोदाची वाटली असेल काय, हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाहीं.

हें चित्र पालटलें तें आगगाडीनें. १८८१ पर्यंत खांडव्याहून इंदूर-रतलामवरून अजमेरपर्यंत लोहमार्ग पुरा झाला. भुसावळहून खांडवा जवळ. ज्या प्रवासास उंटावरून वा बैलगाडीनें महिना-महिना लागे, तो आतां कांहीं दिवसांचा झाला आणि बायकामुलांस आणणें शक्य झालें. पुढें विक्रम संवत् १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ आला. मारवाडांत त्यास 'छप्पनियो काळ' म्हणतात. अन्न नाहीं, चारा नाहीं, पाणी नाहीं. मागें राहिलेलीं माणसें कुटुंबेंच्या कुटुंबें निघालीं. खानदेशांतही त्या वर्षीं दुष्काळच होता, पण येथें निदान आपल्या माणसाचें दुकान होतें. त्याच १९०० सालीं चाळीसगांवहून धुळ्यास आगगाडीचा फांटा आला. सोन्याच्या ओढीनें पहिला मनुष्य आला. घर आलें तें आगगाडीमुळें आणि भुकेमुळें. पेठेच्या इतिहासांत पहिल्यापेक्षां दुसऱ्या गोष्टीचें महत्त्व अधिक मानलें पाहिजे.

घर म्हणजे काय, तर पुढें अरुंद दुकान, फळ्यांचें दार, गादी-तक्क्या व तिजोरी, मागें काळोखी माजघर, चूल, परसूं, वर धाबें. धाब्यावर पापड-वड्या वाळत. जैन घरीं सूर्यास्तापूर्वीं जेवणें उरकत, म्हणून बाजाराच्या दिवशीं दुकानदाराची मोठी तारांबळ उडे. घरांत मारवाडी, गिऱ्हाइकाशीं अहिराणी, कचेरींत मराठी, अशा तीन भाषा एका उंबऱ्यावर नांदत. अहिराणीचा गुजराथी-राजस्थानी वळणाशीं कांहीं मेळ असल्यामुळें ती लवकर तोंडीं बसे. पुणेरी मराठी मात्र जड जाई. मुलें तर गल्लींतच अहिराणी शिकत आणि आईला शिकवीत.

सणांचा मेळ याहून नवलाचा. मारवाडी बायकांची गणगौर होळीनंतर बसते आणि चैत्र शुद्ध तृतीयेस तिची बोळवण होते. महाराष्ट्रीय घरांत त्याच तृतीयेस चैत्रगौर झोपाळ्यावर बसते. एका ओट्यावरून गौर निघे त्या दिवशीं शेजारच्या ओट्यावर ती येई. पुढें अक्षय्यतृतीया. मारवाडची ती आखातीज, खानदेशची आखाजी. खानदेशांत ह्याहून मोठा सण नाहीं: सालदाराचें वर्ष ह्या दिवशीं संपतें व नवें सुरू होतें, आणि सासुरवाशिणी माहेरीं येऊन झाडाला बांधलेल्या झोक्यांवर गाणीं म्हणतात. शेठजीला हा दिवस हिशेबाचा. पण शेठाणीला? गल्लींतल्या घरोघर लेकी आलेल्या, आणि हिचें माहेर अरवलीच्या पलीकडे. राखी बांधून धर्माचा भाऊ मानण्याची चाल तिच्या देशींही होती आणि इकडेही होती. परमुलखांत माहेर मिळवावयाचें तें अशा धाग्यानेंच. ह्या नात्याची नोंद कुठल्याही खतावणींत सांपडावयाची नाहीं.

येथवर गोड भाग झाला. त्याच ओट्यावर शेतकरी अंगठा उठवीत असे, हेंही विसरतां येत नाहीं. सरकारी सारा हप्त्यानें रोख द्यावयाचा, पीक मात्र पावसाच्या हातीं. मधली फट सावकार भरी आणि तिचें व्याज घेई. बी-बियाणें, लग्न, बैल, सर्वांस एकच दार. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोक उठले, दुकानें लुटलीं आणि कर्जरोखे जाळले. दंगे पुणें व नगर जिल्ह्यांत पसरले. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा त्यांतूनच निघाला. खानदेशांत १८५२ मध्यें रयत उठली होती ती सरकारी पाहणीविरुद्ध, सावड्या-यावलकडे, सावकाराविरुद्ध नव्हे. म्हणून खानदेशांत वैर नव्हतें असें मात्र नाहीं. जमीन गहाण पडे, कधीं गहाणाची खरेदी होई, आणि काल जिच्या आईनें शेठाणीकडे हळदकुंकू नेलें तिच्या बापाचा मळा आज शेठजीच्या नांवें चढे. शेजार तोच राही, बोलणें थांबे. दोन्ही गोष्टी एका भिंतीआड घडत, आणि एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाहीं.

पुढच्या पिढ्यांची वाट फुटली ती निरनिराळी. १९३९ चा कर्जनिवारण कायदा आणि १९४६ चा सावकारी कायदा आल्यावर परवाने व वह्यांची तपासणी सुरू झाली. अनेकांनीं उसनवारी आंवरून कापड, आडत, जिनिंग यांकडे मोर्चा वळविला. अमळनेरच्या प्रतापशेठांनीं गिरणीच्या पैशांतून १९१६ मध्यें तत्त्वज्ञान मंदिर उभारलें. अजिंठ्याच्या पायथ्याच्या वाकोद गांवीं १८८७ मध्यें मारवाडच्या आगोलाईहून एक जैन कुटुंब येऊन राहिलें. त्यांनीं शेती धरली, आणि त्याच घराण्यांतील भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनीं पुढें ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग जळगांवीं उभा केला.

आजोबा 'देस' म्हणत तो मारवाड. मुलाचें जावळ काढावयास त्याला घेऊन तिकडे कुलदेवतेकडे जात. पुढें नातवंडांच्या तोंडून 'देसला जातों' असें कमी कमी ऐकूं येऊं लागलें, आणि आखाजीस पेठेंतल्या शेठाणीच्या लेकी शिरपूर, अमळनेर, चोपडें येथून माहेरीं म्हणून धुळ्यासच येऊं लागल्या.