मकरसंक्रमणांतील मुलांचें हस्तकौशल्य व खेळ

१. नंदुरबार जिल्ह्यांतील शहादें तालुक्यांत पुरुषोत्तमनगर नांवाची वसाहत आहे. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याच्या योगानें हें नांव लोकांस परिचित झालें. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. तेव्हां वसाहतहि नवी आणि जिल्हाहि नवा. जुन्या वस्तूंचा संग्राहक या प्रदेशांत येतो तो तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशें पाहण्यास येतो. तेथें १९५५ च्या सुमारास बी. के. थापर यांनीं केलेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे थर उघडे झाले. नाहीं तर मार्गशीर्षांत सारंगखेड्यास दत्ताची यात्रा व घोड्यांचा बाजार भरतो, तिकडे त्याचे पाय वळतात. पुरुषोत्तमनगरीं मात्र तो उतरत नाहीं. कारखान्याच्या वसाहतींत वतनी दप्तर कोठून असणार आणि पोथ्यांचीं बासनें कोठून निघणार, असा त्याचा समज असतो.

२. हा समज दप्तरापुरता खरा आहे. पण इतिहासाचें सर्व साधन दप्तरांतच असतें असें नाहीं. पौषांत उसाचें गाळप ऐन भरांत असतें, साखरेचीं पोतीं भरूं लागतात, आणि त्याच दिवसांत मकरसंक्रांत येते. त्या आठ-पंधरा दिवसांत महाराष्ट्रांतील घरोघरीं बारा ते अठरा वर्षांचीं मुलें-मुली जें कांहीं हातानें करीत व खेळत आलीं, त्याची परंपरा कित्येक दप्तरांहून जुनी आहे. त्यांनीं केलेला हलवा रथसप्तमीपर्यंत संपतो, पतंग त्याच दिवशीं फाटतो, आणि खेळाचा डाव मोडला म्हणजे त्याची खूणहि उरत नाहीं. टिकाऊ तेवढेंच जमविण्याची संग्राहकांची संवय असल्यामुळें हें साधन आजवर उपेक्षित राहिलें. तें कोणत्या स्वरूपाचें आहे व त्याचा संग्रह कसा करतां येईल, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

३. प्रथम तीळ व साखर. पेशवाईंतील पत्रव्यवहार ज्यांनीं चाळला आहे त्यांच्या नजरेंतून मकरसंक्रमणाच्या पत्रांचा मायना सुटला नसेल. शर्करायुक्त तीळ पाठविले आहेत, त्यांचा स्वीकार करावा, अशा आशयाचें तें वाक्य असतें. आणि तीळ पावले म्हणून उलट उत्तरहि येतें. आम्ही अशीं पत्रें शिक्का, हस्ताक्षर व राजकारण यांसाठीं वाचतों आणि तिळाचें वाक्य ओलांडून पुढें जातों. वास्तविक पत्र हें त्या तिळाच्या पुडीचें वेष्टन होतें. वेष्टन राहिलें, आंतील जिन्नस गेला. तो जिन्नस कोणीं, कसा व किती दिवस खपून केला हें पत्र लिहिणारा कारकून कशास लिहील?

४. या पत्रांचा कालनिर्णय करतांना एक खबरदारी घ्यावी लागते. संक्रांत म्हणजे १४ जानेवारी असें आम्ही धरून चालतों. पण हा मेळ अलीकडचा आहे. निरयन व सायन वर्षमानांतील फरकामुळें संक्रांत इंग्रजी तारखांतून हळूहळू पुढें सरकत आली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. त्याच गणितानें १७६१ सालची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. पानिपतची लढाई शके १६८२ पौष शुद्ध ८, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. ती ऐन संक्रांतीस झाली असें सर्रास बोललें जातें, परंतु त्या वर्षींची संक्रांत तीन-चार दिवस आधींच होऊन गेली होती. तिळाचा उल्लेख असलेलें पण मितीवांचूनचें पेशवेकालीन पत्र हातीं आल्यास त्याची इंग्रजी तारीख लावतांना हें ध्यानांत ठेवावें. मुलांच्या खाऊचें वाक्य असें कालगणनेच्या कामीं येतें.

५. पत्रें ज्याविषयीं मुकीं आहेत ती कृति घरांतील हातांत अद्याप शिल्लक आहे. काटेरी हलव्याचें उदाहरण घ्यावें. तीळ, खसखस, साबूदाणा, लवंग किंवा कलिंगडाचें बीं, यांपैकीं कांहीं तरी गाभ्यास घेतात. साखरेचा पाक करून त्यांतील मळी दुधानें काढतात. मंद निखाऱ्यावर परात ठेवून त्यांत दाणे पसरतात. त्यांवर चमचा-चमचा पाक सोडावयाचा व तो सुकेपर्यंत बोटांच्या अग्रांनीं दाणे फिरवीत राहावयाचें. आंच जास्त झाली तर साखरेचा भुगा होतो. पाक एकदम जास्त पडला तर दाणे एकमेकांस चिकटतात. हवा थंड व कोरडी असेल तर काटा चांगला येतो असा बायकांचा अनुभव आहे, आणि म्हणूनच हें काम पहांटे किंवा रात्रीं चालतें. एका घाण्यास कित्येक दिवस लागतात. एवढा धीर शिकविणारें दुसरें घरगुती काम क्वचितच असेल. आणि तें नेमकें ज्या वयांत धीर धरवत नाहीं त्या वयाच्या मुलींस दिलें जाई.

६. हलवा झाला कीं त्याचे दागिने. दाणा टोंचीत नाहींत; दोऱ्याच्या गांठींत एकेक दाणा अडकवून हार, बांगड्या, वाकी, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी असे प्रकार गुंफतात. पांढरा हलवा उठून दिसावा म्हणून वस्त्र काळें. नव्या सुनेस पहिल्या संक्रांतीस व तान्ह्या मुलास बोरन्हाणाच्या वेळीं हे दागिने घालण्याची चाल प्रसिद्धच आहे. येथें सामाजिक इतिहासाचा एक मुद्दा नजरेस येतो. मुलींच्या विवाहाचें किमान वय १४ ठरविणारा शारदा कायदा १९२९ सालीं मंजूर झाला व १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला. त्यापूर्वीं नवी सून पुष्कळदां दहा-बारा वर्षांचीच असे. म्हणजे आज जी मुलगी माजघरांत बसून वहिनीसाठीं हलव्याचा हार गुंफते, तिच्याच वयाची मुलगी तेव्हां तो हार गळ्यांत घालून पाटावर बसलेली असे. विवाहाचें वय जसजसें वाढत गेलें, तसतशी हीच मुलगी दागिना लेणारीची दागिना करणारी झाली. माहेरीं तिला मिळालेलीं हीं पांच-सात वर्षें कायद्याच्या पुस्तकांत कोरडीं दिसतात. हलव्याच्या परातीपाशीं तीं प्रत्यक्ष दिसतात.

७. मुलांकडे पतंग. गुजराथच्या शेजारामुळें नंदुरबारकडे संक्रांतीस पतंगाचा षोक विशेष आहे. पूर्वीं पतंग घरींच होई. एक कामटी सरळ व दुसरी कमानीसारखी वांकविलेली, कागद, पिठाची खळ, मधोमध बांधलेली कणी व सूत, एवढी त्याची सामग्री. ह्या खेळाचा एक जुना पुरावा आमच्या घरचाच असून आम्ही त्याकडे पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं. शिखांच्या गुरुग्रंथांत नामदेवांच्या नांवावर ६१ पदें आहेत. त्यांपैकीं रामकली रागांतील एका पदांत, मुलगा कागद आणून व कापून गुडी करतो आणि ती आकाशांत उडवितो, सोबत्यांशीं गप्पा मारीत असतांहि त्याचें चित्त दोरीवर असतें, असा दृष्टांत आहे. गुडी म्हणजे पतंग. पद नामदेवांचें मानलें तर हा उल्लेख चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा ठरतो. तें मागाहून त्यांच्या नांवावर चढलें असें कोणी म्हणेल, तर ग्रंथाचें संकलन १६०४ सालीं पुरें झालें असल्यामुळें त्या सालाच्या अलीकडे तें ओढतां येत नाहीं. विशेष हा कीं दृष्टांतांतील मुलगा पतंग विकत आणीत नाहीं; कागद आणून स्वतः कापतो. वाचकांस वा श्रोत्यांस ही गोष्ट नित्य परिचयाची असल्यावांचून तिचा दृष्टांत होत नसतो.

८. कागदाविषयीं दोन शब्द. दौलताबादजवळील कागजीपुरा व जुन्नर हीं कागदाचीं ठाणीं संग्राहकांस ठाऊक आहेत. खानदेशांत एरंडोल हें देशी जाड्या कागदाविषयीं प्रसिद्ध होतें. १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या ग्याझेटियरमध्यें त्याची नोंद आहे. पोथीच्या कागदाचा पोत, घोटाई व खळ आम्ही भिंगानें पाहतों. त्याच कागदाच्या अंगीं वजन किती, तो वाऱ्यावर तरतो कीं नाहीं, वांकविला असतां फाटतो कीं काय, ही परीक्षा पतंग करणाऱ्या मुलाला वेगळ्या प्रकारें करावी लागते. कागदाच्या इतिहासांत ह्या परीक्षेसहि जागा असावी. पुढें सुताच्या मांजाची जागा नायलॉनच्या मांजानें घेतली. पक्षी व माणसें जखमी होऊं लागलीं, आणि ११ जुलै २०१७ रोजीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें तशा मांजावर देशभर बंदी घातली. बंदीनंतर पुन्हा सुताकडे वळावयाचें तर सूत घोटण्याची रीति सांगणारा कोणी तरी घरांत शिल्लक पाहिजे.

९. आतां खेळ. अंगणांतल्या विटीदांडूची मोजणी सर्वांस ठाऊक आहे: वकट, लेंड, मूंड, नाल. तेलुगु भाषेंत एक ते चार या संख्यांस ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. दोहोंचें साम्य कानालाच कळतें; वेगळ्या प्रमाणाची गरज नाहीं. सातपुड्यापलीकडे माळव्यांत संक्रांतीस गिल्लीदांडा खेळण्याची रूढि आहे. इकडे मराठी मुलगा तोच खेळ दक्षिणेच्या आंकड्यांनीं मोजतो, आणि आपण तेलुगु बोलत आहों याची त्याला वार्ताहि नसते. शिलालेख व ताम्रपट यांवरून आम्ही कर्नाटक-आंध्राशीं असलेल्या संबंधाचे सिद्धान्त बांधतों, तोच संबंध येथें मुलांच्या जिभेवर वावरतो आहे. शब्द फारसे भ्रष्ट न होतां टिकले याचेंहि कारण आहे. पोथीच्या लेखकाची चूक पुढील वाचकाच्या ध्यानांत आली तर येते. डावांतील मोजणीची चूक प्रतिपक्ष जागच्या जागीं पकडतो.

१०. घरांत खेळावयाच्या खेळांपैकीं मोक्षपटाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथें वस्तु राहिली व खेळणारे गेले. कवड्यांच्या दानानें सोंगटी चालवावयाची, पुण्याच्या शिडीनें वर चढावयाचें व पापाच्या सर्पमुखीं पडून खालीं यावयाचें, असा हा पट. त्याचें जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देण्याची परंपरा आहे. हातीं असलेले पट मात्र बरेच उत्तरकालीन आहेत. १८३१ सालीं मेजर हेन्री डंडास रॉबर्टसन यांनीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीस १२४ घरांचा एक वैष्णव पट दिला व त्याला शास्त्र्यांचा स्वर्गनरकाचा खेळ असें नांव दिलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत याच खेळाची साप-शिडी झाली व घरांतील नांवें गळून पडलीं. कोपनहेगन विद्यापीठांत जेकब श्मिट-मॅडसन यांनीं २०१९ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील अशा पटांवर प्रबंध सादर केला. तमिळ देशांत हाच खेळ परमपदसोपान या नांवानें वैकुंठ एकादशीच्या जागरणांत खेळला जातो; ती एकादशी धनुर्मासांत, म्हणजे संक्रांतीच्या आधींच्या महिन्यांत येते. तेथें रात्र ठरलेली असल्यामुळें खेळहि टिकला. आमच्याकडे पट भिंतीवर वा बासनांत गेला. पटावर घरांचीं नांवें लिहिलेलीं असतात. परंतु कवड्या किती घ्यावयाच्या, कोणत्या दानास पुन्हा खेळावयाचें, शेवटच्या घरांत शिरण्यास नेमकेंच दान लागतें कीं काय, हें नांवांवरून कळत नाहीं. नियमावांचूनचा पट म्हणजे किल्ली हरवलेली सांकेतिक लिपि होय.

११. वरील उदाहरणें एकत्र ठेवलीं म्हणजे निष्कर्ष आपोआप निघतो. तिळाचें पत्र राहिलें, कृति राहिली नाहीं. मोक्षपट राहिला, नियम राहिले नाहींत. उलट विटीदांडूची मोजणी कोठेंहि न लिहितां राहिली, कारण ती मुलाकडून मुलाकडे जात राहिली. मुलांच्या हातांतून जें चालत आलें तें त्याच मार्गानें पुढें जातें, आणि तो मार्ग एका पिढींत बंद होऊं शकतो. हलवा बाजारांत तयार मिळतो, दागिन्यांचे संचहि मिळतात. त्यांत दोष कोणाचा नाहीं. परंतु परातीपाशीं बसून बोटें फिरविणारी आजी व तिच्याजवळ बसलेली नात, हीं दोघें एका घरांत असण्याचे दिवस मोजके आहेत. कागद शंभर वर्षें बासनांत थांबतो. हात थांबत नाहीं.

१२. म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, पौषांत पोथ्यांच्या शोधार्थ कोणाच्या घरीं जाणें झालें तर ओसरीवरून परत फिरूं नये. माजघरांत चाललेलें काम परवानगीनें पाहावें. सामग्री काय, प्रमाण किती, प्रत्येक क्रियेस व हत्यारास त्या घरचा शब्द कोणता, आणि तें करणाऱ्यास कोणीं व कोणत्या गांवीं शिकविलें, या चार गोष्टी त्याच वेळीं लिहून घ्याव्या. शब्द अहिराणी असो, गुजरी असो, भिलोरी असो. तो शुद्ध करून लिहूं नये. खेळाचे नियम ऐकून न लिहितां एक डाव स्वतः खेळून मग लिहावे. टिपणाखालीं मिती व ठिकाण घालावें. अशीं टिपणें करण्यास घरांतील मुलेंच उत्तम साहाय्यक होत. सुटीच्या दिवसांत त्यांच्याच हातीं वही दिली तर करणारा व लिहिणारा एकच होईल.

१३. पुरुषोत्तमनगरासारखी वसाहत या कामीं जुन्या वाड्याहून कमी योग्य नाहीं. कदाचित् अधिकच योग्य. कारखान्याच्या वसाहतींत बिऱ्हाडें गांवोगांवचीं जमतात, आणि बिऱ्हाड उचलतांना दप्तर मागें राहतें पण रीतिभाती बरोबर येतात. एका चाळींत तीन गांवच्या तीन तऱ्हेच्या कृति व खेळाचे तीन पाठभेद मिळूं शकतात. आणि पाठभेदांचें मोल पोथ्यांच्या संग्राहकांस आम्हीं सांगावयास नको.